कुमुदमावशी आणि जळलेली पहाडी

माझी कुमुदमावशी सत्तावीस वर्षं माती तपासत होती, पण ती माती जिथली असायची ती जमीन तिनं जवळजवळ कधी पाहिलीच नव्हती. दिल्लीतल्या एका केंद्र सरकारी प्रयोगशाळेत ती तांत्रिक सहायक होती. कर्नालहून, बिकानेरहून, कधी थेट अकोल्याहून कापडी पिशव्यांमधून नमुने यायचे, प्रत्येक पिशवीला चिठ्ठी बांधलेली. मावशी ते वाळवायची, चाळायची, तपासायची आणि फॉर्म भरून पुढे पाठवायची. "कुठल्या शेताची माती आहे ते कळतं, पण ते शेत दिसतं कसं ते नाही कळत," असं ती कधी कधी म्हणायची आणि म्हणता म्हणता उठून दुसरंच काहीतरी करायला लागायची. तिला एका जागी बसवायचं नाही. चहासुद्धा उभ्यानं, ओट्याला टेकून प्यायची.

मला दिल्लीत स्टेनोची नोकरी लागली आणि १९९५ साली मी तिच्याकडे सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. घरात ती आणि जयंतकाका, दोघंच. काका रेल्वेच्या ऑफिसात होते, पण दम्यामुळे त्यांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली होती. काकांकडची रणपिसे मंडळी मूळची नगरची. रविवारी सकाळी चर्च, दुपारी मटण, संध्याकाळी काकांचे रेडिओचे कार्यक्रम, असं घर होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात महरौलीकडच्या रिजला आग लागली. दिल्लीच्या त्या खडकाळ डोंगररांगेवर उन्हाळ्यात लहानमोठे वणवे लागतच असतात, पेपरात चार ओळी येतात. ही आग मात्र दोन दिवस धुमसत राहिली. तिसऱ्या प्रहरी मी ऑफिसातून घरी आले तेव्हा हवा पिवळट झाली होती आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर गवताच्या काड्यांच्या आकाराची राख पडली होती. बोट लावलं की तिचा भुगा व्हायचा. मावशीनं खिडक्या बंद केल्या, फटींना ओले टॉवेल लावले. तरी संध्याकाळपर्यंत काकांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. इन्हेलर चालेना. ऑटो करून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

ते चार दिवस तिथे होते. मावशी त्या चार दिवसांत बाकावर बसलेली मला आठवत नाही. ती कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, परत यायची. नर्सनं दोनदा सांगितलं, मॅडम, बैठ जाइए. ती "हाँ हाँ" म्हणायची आणि चालत राहायची.

काका घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, "वीणा, रविवारी माझ्याबरोबर येतेस? मला बघायचंय काय जळलं ते."

"कशाला गं? काकांना त्रास झाला म्हणून?"

"माहीत नाही. घरात बसवत नाही एवढं खरं."

आम्ही बसनं महरौलीला गेलो आणि तिथून पायी. मावशीच्या पिशवीत खुरपं, दहाबारा कोऱ्या कापडी पिशव्या, पाण्याच्या तीन बाटल्या. पहाडीच्या पायथ्याशी एका माणसानं आम्हाला अडवलं. पन्नाशीचा, काटक, खाकी शर्ट, उजव्या हाताला मळकं फडकं गुंडाळलेलं. तो तिथला चौकीदार हुकमसिंग. अंदर जाना मना है, म्हणाला. मावशीनं सरकारी ओळखपत्र दाखवलं आणि सांगितलं, "मिट्टी देखनी है, भैया. बस." माती बघायला कोणी येतं हे त्याला नवीन असावं. तो आमच्या मागोमाग आला.

वर सगळं काळं होतं. मधेच पांढऱ्या राखेचे गोल दिसत. तिथे वाळलेला ओंडका पडून हळूहळू जळला असणार, मावशी म्हणाली, आग जिथे जास्त वेळ थांबते तिथे राख पांढरी होते. गोगलगायींचे शंख पांढरे होऊन पडले होते, पाय पडला की कडकड मोडायचे. एका खडकाच्या कडेला तित्तराचं घरटं होतं, म्हणजे नुसता जमिनीतला खळगा, आणि त्यात सहा अंडी, तडकलेली. हुकमसिंगनं ती पाहून नजर फिरवली.

तो हळूहळू बोलायला लागला. आग पुढे सरकत होती तेव्हा कोतवाल पक्षी आणि घारी तिच्या पुढेच उडत होत्या, म्हणाला, पळणारे नाकतोडे आणि सरडे टिपायला. "उनकी तो दावत थी, मॅडमजी." नीलगाई खाली रस्त्यावर धावत सुटल्या, त्यातली एक ट्रकखाली गेली. साळिंदरं आणि घोरपडी मात्र बिळात खोल जाऊन बसल्या होत्या, तिसऱ्या दिवशी बाहेर आल्या. पण बाहेर येऊन खायचं काय, हा प्रश्न होताच. एक घोरपड त्याला दिवसभर त्याच त्या दगडाभोवती फिरताना दिसली होती.

मावशी गुडघ्यावर बसली. तिनं फुंकर घालून राख बाजूला केली आणि बाटलीतून पाण्याचे चार थेंब जमिनीवर सोडले. ते जिरले नाहीत. अळूच्या पानावर राहतात तसे गोल, चकचकीत, मातीवरच थांबले. ती घड्याळाकडे बघत राहिली.

"एक मिनिट चाळीस सेकंद," ती म्हणाली. "मी हे फक्त वाचलं होतं."

तिनं समजावलं ते मला आजही लक्षात आहे. पालापाचोळा जळतो तेव्हा त्यातला मेणचट अंश वाफ होऊन मातीत उतरतो आणि थोडं खाली, गार कणांवर जाऊन बसतो. मग माती पाणी घेत नाही. झाडांनी वर्षानुवर्षं साठवलेला नत्र धुरात निघून जातो. मागे राहते राख, तिच्यात पालाश आणि चुना भरपूर, पण ती एका पावसात वाहून जाते. मग तिनं खुरप्यानं दोन बोटं खाली खणलं आणि तिथे थेंब सोडला. तो लगेच जिरला. तिथे एक मुळी पांढरी, जिवंत होती, आणि मुंग्या अंडी घेऊन खाली चालल्या होत्या.

"मेलेलं नाही हे," ती म्हणाली. "वरचं दोन इंच भाजलंय. ते हलवलं नाही तर जगेल."

उतरताना पायथ्याच्या कुंपणभिंतीपाशी एक बाई भेटली, रामरती. खालच्या गावातली, वीसेक बकऱ्या बाळगणारी. भिंतीवर नवा बोर्ड रंगवला होता, चराई बंद. आगीच्या अहवालात लिहिलं होतं की बकऱ्या चारणाऱ्यांपैकी कोणीतरी बिडी टाकली. "त्या दिवशी तर मी भावाच्या घरी लग्नाला होते," रामरती हिंदीत म्हणाली, रागानं नाही, थकून. "आणि आमच्या घरात बिडी ओढतं कोण? पण लिहिलंय म्हणतात. लिहिलं म्हणजे झालंच." हुकमसिंग तेव्हा दोन पावलं मागे राहून आपल्या हाताचं फडकं नीट करत होता.

त्या आठवड्यात मावशीनं पहाडीवरून भरून आणलेल्या तीन पिशव्या घरच्या ओट्यावर तपासल्या. प्रयोगशाळेत नेता येत नव्हत्या, त्या तिच्या कामाच्या नव्हत्या. मग तिला कळलं की ती जमीन ज्या खात्याकडे होती, त्यानं पावसाआधी तिथे जेसीबी लावून जळकी खोडं उपटायची, उतार सपाट करायचा आणि हजारो खड्डे खणून वृक्षारोपण करायचं ठरवलंय. ती सुट्टी टाकून तिथल्या अधिकाऱ्याला भेटायला गेली. मीही होते.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी चहा मागवला. मावशीनं सांगितलं की हा उतार आत्ता उकरला तर जुलैमध्ये सगळी माती नाल्यात जाईल, इथे मुळात वीतभरसुद्धा थर नाही. जळक्या फांद्या उताराला आडव्या टाकून ठेवा, एक पावसाळा काही करू नका.

"मॅडम, आप तो खेती की मिट्टी देखती हैं ना?" त्यांनी विचारलं.

"मिट्टी तो मिट्टी है."

"कार्यक्रमाची तारीख ठरली आहे," ते म्हणाले. मग थोडा विचार करून नकाशावर बोट ठेवलं. नाल्याच्या अलीकडे एक एकराचा तुकडा होता, इतका चढाचा की मशीन तिथे जाणारच नव्हतं. तो तुमच्या पद्धतीनं ठेवा, म्हणाले. मावशी बाहेर पडली ती तरातरा चालायला लागली. मला तिच्याबरोबर पळावं लागलं. तिला एक एकर मिळाला म्हणून आनंद झाला होता की बाकीचं गेलं म्हणून राग आला होता, मला कळेना. बहुतेक दोन्ही.

त्यानंतरचे चार रविवार आम्ही तिथे होतो. चर्च आटोपून निघायचं, ऊन सोसवेनासं होईपर्यंत काम. जळक्या विलायती किकरच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या, फांद्या तोडायच्या आणि दोरी लावून उताराला आडव्या रांगा रचायच्या. हुकमसिंग न बोलावता यायचा आणि डाव्या हातानंच आमच्या दोघींपेक्षा जास्त काम करायचा. काका रस्त्यावर छत्रीखाली फ्लास्क घेऊन बसायचे, कारण राखेत त्यांना येता येत नव्हतं. "तू कोणावर रागावली आहेस गं?" त्यांनी एकदा परतताना विचारलं. "माझ्या दम्यावर की त्या पहाडीवर?" मावशी खिडकीबाहेर बघत बसमध्ये पायाची टाच हलवत राहिली.

तिसऱ्या रविवारी ती काम करता करता थांबली आणि खोडांकडे बघायला लागली. उभी राहिलेली खोडं एका बाजूला काळी गुडघ्यापर्यंत होती, दुसऱ्या बाजूला कमरेपर्यंत. एका नव्हे, सगळ्या खोडांचं तसंच. वाऱ्यानं आग पुढे ढकलली की खोडाच्या आडोशाला, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ज्वाळा वळसा घेऊन वर चढते, हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. ती हातातली फांदी टाकून त्या खुणांच्या उलट दिशेनं चालायला लागली. मी मागोमाग. रामरतीच्या बकऱ्या यायच्या ती वाट पश्चिमेला होती. खुणा आम्हाला तिथे घेऊन गेल्याच नाहीत. त्या हुकमसिंगच्या चौकीच्या मागे गेल्या, जिथे दहाएक हात रुंदीचा एक पट्टा सरळ रेषेत जाळलेला होता. आग पलीकडे जाऊ नये म्हणून दरवर्षी असा गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवतात. पट्ट्याच्या एका टोकाला ती सरळ रेषा तुटली होती. तिथून सगळी पहाडी काळी होत गेली होती. बाजूला एक अर्धवट जळलेलं पोतं पडलं होतं, कोणीतरी ओलं करून आग झोडपायला वापरलेलं.

आम्ही परत आलो तेव्हा हुकमसिंग रांग रचत होता. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हुकमसिंग, हात दिखाओ."

त्यानं फडकं सोडलं. तळहातापासून मनगटापर्यंत कातडी गुलाबी, ओढल्यासारखी झाली होती.

तो खाली बसला आणि सांगायला लागला. पट्टा थंडीत जाळायचा असतो, सकाळी दव असताना. त्या वर्षी थंडीत माणसं मिळाली नाहीत, परवानगीचा कागद आला नाही. मे महिन्यात वरून विचारणा झाली, पट्टा झाला का. त्यानं एकट्यानं पेटवला. पहिला अर्धा नीट झाला. मग लू, म्हणजे तिकडचा गरम वारा, फिरली. दोन तास तो पोत्यानं झोडपत होता. शेवटी पळाला. चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांनीच विचारलं, बकरीवाले येतात ना इथे? आणि तो हो म्हणाला. तेवढंच म्हणाला. "झूठ तो नहीं बोला मैंने, मॅडमजी. वो आते तो थे."

मावशीनं खुरपं पिशवीत टाकलं. आम्ही तशाच घरी आलो.

पुढचा आठवडा तिनं घरात जी येरझार घातली तशी मी आधी कधी पाहिली नव्हती. कणीक मळता मळता हात थांबायचे. एका रात्री जेवण झाल्यावर काकांनी तिला समोर बसवलं, अक्षरशः हात धरून.

"बोल आता."

"त्या माणसानं लावलेल्या आगीमुळे तू मरायला टेकला होतास," ती म्हणाली. "आणि त्या सगळ्या माणसांत एक तोच माझ्याबरोबर फांद्या उचलतोय. मी कळवलं तर त्याची नोकरी जाईल. नाही कळवलं तर ती बाई..."

"माझं सोड," काका म्हणाले. त्यांना एका दमात बोलता यायचं नाही, ते थांबून थांबून बोलले. "माझा दमा त्याच्या आधीपासूनचा आहे. मी त्याच्यावर काही चिकटवत नाही. पण तुला कळलंय ते तू परत न कळलेलं करू शकणार नाहीस. तुझा स्वभाव नाही तो."

"मग काय करू?"

"तू नको कळवू. त्याला सांगू दे."

चौथ्या रविवारी तिनं हुकमसिंगला तेच सांगितलं. मी कोणाला लिहिणार नाही, पण तू जा, आणि रामरतीला आधी सांग. तो उठला आणि पहाडी उतरून गेला. आम्ही दोघी वर राहिलो आणि काम करायचं म्हणून करत राहिलो. मावशीनं त्या दिवशी रचलेली रांग वाकडी झाली, ती तिनं दोनदा मोडली.

तो त्याच दिवशी रामरतीच्या घरी गेला आणि सोमवारी ऑफिसात. रामरतीनं त्याला काय म्हटलं ते आम्हाला कधी कळलं नाही. ऑफिसनं त्याला आठ महिने निलंबित केलं आणि मग दुसरीकडे, शहराच्या पार उत्तरेला बदली केली. चराई बंदीचा बोर्ड मात्र तसाच राहिला. अहवाल आता दुरुस्त होत नाही, असं सांगण्यात आलं. रामरतीनं पुढच्या वर्षी निम्म्या बकऱ्या विकल्या. हे मावशीला फार लागलं. खरं बाहेर आलं की पुढचं आपोआप नीट होईल असं तिला वाटलं होतं का, मला माहीत नाही. ती कधी तसं म्हणाली नाही. पण दोन वर्षं ती त्या ऑफिसात बोर्डाबद्दल अर्ज देत राहिली.

जुलैत पाऊस झाला. जेसीबीनं सपाट केलेल्या भागावरून काळं पाणी नाल्यात उतरलं, दोन दिवसांत खड्ड्यांच्या कडा ढासळल्या आणि रोपं आडवी झाली. मावशीच्या एकरात वरच्या रांगांमागे बोटभर गाळ अडला. पण सगळं तिला वाटलं तसं झालं नाही. खालच्या तीन रांगा एका ठिकाणी फुटल्या, पाण्यानं तिथे घळ पाडली आणि ती घळ आजूबाजूच्या मोकळ्या उतारावरच्या घळींपेक्षा खोल होती. तिनं फुटलेली जागा मोजली, वहीत लिहिलं, "माझी चूक, रांगा फार सरळ, टोकं वर वळवायला हवी होती." सप्टेंबरात अडलेल्या गाळावर आधी गवत आलं, मग मुंग्यांची वारुळं. दुसऱ्या वर्षी बुंध्यातून धावडा फुटला. पण विलायती किकर त्याच्याहून जोरात फुटला, जळलेल्या भागात आणि उकरलेल्या भागातही. आगीनं त्याचं काही बिघडलं नव्हतं. तित्तरं तिसऱ्या वर्षी परत आली. साळिंदर पुन्हा दिसलं नाही.

ती दर तीन महिन्यांनी जाऊन थेंब सोडायची आणि सेकंद मोजायची. दीड वर्षांत आकडा पाच सेकंदांवर आला. प्रयोगशाळेतल्या साहेबांना हे समजलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून सांगितलं की सरकारी नोकरानं दुसऱ्या खात्याच्या जमिनीवर असं काम करणं नियमात बसत नाही. ती म्हणाली, मी रविवारी फिरायला जाते. साहेबांनी वही मागितली, वाचली आणि दोन दिवसांनी परत केली, एका पानावर पेन्सिलीनं बेरीज दुरुस्त करून.

एकदा, हुकमसिंगची बदली झाल्यावर, ती त्याला भेटायला उत्तरेकडच्या हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूच्या रिजवर गेली. तिथे तो एका फाटकावर बसायचा. मी विचारलं, काय बोललीस? म्हणाली, फारसं काही नाही. त्यानं चहा पाजला. तिकडे पट्टा जानेवारीत जाळतात, तो स्वतः परवानगीच्या कागदामागे लागतो, असं त्यानं सांगितलं. हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत. "तुम्ही सांगायला लावलं नसतं तर बरं झोपलो असतो, की वाईट, ते कळत नाही," असं तो म्हणाला.

काका २००१ साली गेले. मावशी २००३ साली निवृत्त झाली आणि द्वारकेच्या एका सोसायटीत राहायला गेली. मी तोवर लग्न होऊन पुण्याला आले होते. पाच वर्षांनी एप्रिलमध्ये तिचा फोन आला, आवाजात तीच घाई. त्या पहाडीला परत आग लागली होती. ती पासष्ट वर्षांची, मेट्रो आणि मग ऑटो करून एकटी जाऊन आली होती.

"तुझा एकर?" मी विचारलं.

"अर्धा जळला, अर्धा राहिला. राहिला तो घळीच्या वरचा."

"मग तुझ्या रांगांमुळे राहिला."

"असं लिहू नकोस कुठे," ती म्हणाली. "फांद्या तर कधीच कुजल्या. कदाचित तिथे गवत ओलं असेल. कदाचित वारा पडला असेल. मी खोडं बघून आले, खुणा या वेळी एका दिशेच्या नाहीत, दोन्हीकडच्या निघतायत. उद्या परत जाते. तू सुट्टी काढून येतेस का?"

मी म्हटलं, बघते. ती थांबली नाही. कुठली बस आता बंद झाली, पाण्याच्या बाटल्या किती लागतील, रामरतीचा मुलगा हल्ली टॅक्सी चालवतो आणि पहाडीपर्यंत सोडायला तयार आहे, असं भराभर सांगत राहिली. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजेचा अर्ज दिला.